दुकानाचा डेटा: एक कॉपी ड्रॉवरमध्ये, एक गावाबाहेर

बॅकअप आहे का असं कुठल्याही दुकानदाराला विचारा, उत्तर हमखास "आहे की" असंच येतं. मग कुठाय दाखवा म्हटलं की सीपीयूच्या डोक्यावर ठेवलेली एक्स्टर्नल हार्डडिस्क दाखवतात, जी बारा महिने यूएसबीला लावलेलीच असते, नाहीतर डी ड्राइव्हमधला 'टॅली बॅकअप न्यू' नावाचा फोल्डर, ज्यातली शेवटची फाईल मागच्या दिवाळीतली असते. होलसेल दुकानं, छोटी ऑफिसं, सीए लोक यांच्या कॉम्प्युटर-नेटवर्कची कामं मी करतो त्यामुळे हे रोजचंच झालंय. आणि डी ड्राइव्ह म्हणजे वेगळी डिस्क नव्हे हो, बहुतेक ठिकाणी एकाच डिस्कचे पाडलेले दोन भाग असतात, डिस्क उडाली की सी पण गेला आणि डी पण गेला.

तर आधी एक हिशोब डोक्यात पक्का करा, पुढचं सगळं त्यावरूनच निघतं. ज्या दोन कॉप्यांपर्यंत एकच पाणी, एकच चोर, एकच व्हायरस किंवा एकच चुकीचं डिलीट पोचू शकतं त्या दोन कॉप्या नाहीतच, ती एकच कॉपी धरायची. सीपीयूवरची डिस्क, डी ड्राइव्ह, शेजारच्या टेबलावरचं शेअर केलेलं फोल्डर, हे सगळं मिळून एक.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं, त्याच्या दोन वर्षं आधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला कृष्णा आणि पंचगंगेने काय केलं ते सांगायला नको. अशा वेळी कॉम्प्युटर, त्याच्या खालच्या ड्रॉवरमधली डिस्क आणि कपाटातल्या जुन्या फायली सगळं एकाच पाण्यात जातं, कारण सगळं एकाच खोलीत असतं. आणि बरेच जण म्हणतात आमची दुसरी डिस्क घरी असते, पण घर दुकानाच्याच वरच्या मजल्यावर किंवा त्याच पेठेत, मग पूररेषेच्या दृष्टीने काय फरक पडला.

व्हायरसचं उदाहरण हवं असेल तर २७ जून २०१७ चं नॉटपेट्या घ्या. मर्स्क ही जगातली मोठी जहाज कंपनी, त्यांची जगभरची कॉम्प्युटर काही तासांत बसली, आपल्या न्हावा-शेवाच्या जेएनपीटीतलं त्यांच्या ग्रुपचं टर्मिनलसुद्धा अडकलं. सगळ्या कंपनीचे युजर-पासवर्ड सांभाळणारे त्यांचे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि ते सतत एकमेकांशी सिंक होत होते, म्हणजे एक गेला तर दुसरा आहेच असा हिशोब. पण सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, तोही कशामुळे तर तिथे नेमकी लाईट गेली होती म्हणून तो त्या वेळी नेटवर्कवर नव्हता! त्या एका सर्व्हरवरून त्यांनी पुन्हा उभारणी केली. जोडलेल्या कॉप्या सगळ्या गेल्या, तुटलेली तेवढी राहिली.

यालाच धरून ३-२-१ चा नियम आहे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकप्रिय केला. डेटाच्या ३ कॉप्या, त्या २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली १ दुसऱ्या जागी. चालू कॉम्प्युटरवरचा डेटा ही पहिली कॉपी, म्हणजे तुम्हाला अजून दोनच करायच्यात. घाबरण्यासारखं काही नाही.

आधी यादी करा, मग डिस्क घ्या

लोक उलटं करतात, आधी ऑफरमध्ये २ टीबीची डिस्क घेऊन येतात आणि मग काय कॉपी करू विचारतात. एक कागद घ्या आणि धंदा कुठल्या कुठल्या फायलींवर चालतो ते लिहा. टॅलीचा डेटा सगळ्यांना आठवतो. आठवत नाही ते म्हणजे उधारीची एक्सेल शीट जी फक्त अकाउंट बघणाऱ्या मुलाच्या डेस्कटॉपवर आहे, कोटेशनचे नमुने, आउटलुकची पीएसटी फाईल ज्यात दहा वर्षांचे मेल आहेत, बारकोडच्या सॉफ्टवेअरचं सेटिंग, पगाराची शीट, कोरलड्रॉमधल्या लेबलच्या डिझाइन, आणि मालकाच्या मोबाईलमधलं व्हॉट्सॲप बिझनेस, जिथे निम्म्या ऑर्डरी येतात. मोबाईल हरवला तर कुठल्या पार्टीने काय मागवलं होतं ते कोण सांगणार? तेव्हा व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपचं सेटिंग आजच बघा, चालू आहे का आणि कुणाच्या अकाउंटवर जातोय.

डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा बॅकअप होत नाही, त्यातली की बाहेर काढताच येत नाही, तशीच रचना आहे ती. त्यामुळे टोकन कुठे असतं, मुदत कधी संपते आणि पासवर्ड कुणाकडे आहे एवढंच यादीत लिहा. टॅलीचा सिरीयल नंबर, लायसन्स कुठल्या मेलवर आहे, राउटरचा पासवर्ड, जीएसटी पोर्टलचा युजर, हेही त्याच कागदावर. उद्या नवीन कॉम्प्युटर आणून बसवायची वेळ आली की डेटाइतकंच हे शोधण्यात दिवस जातो.

मग प्रत्येकापुढे दोन आकडे लिहा. एक, किती दिवसांचं काम परत हाताने मारता येईल. दोन, किती वेळ धंदा याच्याशिवाय चालेल. दिवसाला वीस बिलं होणाऱ्या दुकानात कालच्या पावत्या आज परत मारता येतात, तिथे रोज रात्रीचा बॅकअप पुरे. पण मार्केट यार्डातल्या अडतीवर सकाळच्या दोन तासांत शेकडो पट्ट्या होतात, तिथे दुपारी एक आणि रात्री एक घ्यायला लागेल. हे दोन आकडे तुम्हीच ठरवायचे, कॉम्प्युटरवाल्याला ते माहीत नसतात आणि त्याला विचाराल तर तो सगळ्यात महागडं सांगेल.

दुकानातली कॉपी

दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या, एक नव्हे. शक्यतो वेगवेगळ्या कंपनीच्या. मार्करने एकीवर 'सम' आणि दुसरीवर 'विषम' लिहा. पुण्यात रस्त्याला जसं पी-वन पी-टू पार्किंग असतं तसंच, सम तारखेला सम डिस्क, विषम तारखेला विषम. रात्री बॅकअप झाला की डिस्क काढायची. काढायचीच, म्हणजे केबल ओढून ड्रॉवरमध्ये किंवा मालकाच्या बॅगेत, ही पायरी लोक चार दिवस करतात आणि मग कंटाळतात, आणि नेमकी हीच सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आलं की ते कॉम्प्युटरला जे जे ड्राइव्ह दिसतात ते सगळे लॉक करत सुटतं, त्यात तुमची लावून ठेवलेली बॅकअप डिस्क पहिली जाते. विंडोज फायलींच्या जुन्या आवृत्त्या आपोआप ठेवतं त्या शॅडो कॉप्या असतात ना, त्याही बरीच रॅन्समवेअर आधी पुसून टाकतात.

पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. ने-आण करायला ठीक, पण वर्षानुवर्षं नुसता पडून राहिलेला पेनड्राइव्ह डेटा धरून ठेवेलच असं नाही, आणि बाजारात ६४ जीबीचे म्हणून विकलेले बनावट पेनड्राइव्ह असतात ज्यात कॉपी झाल्यासारखं दिसतं आणि उघडायला गेलं की फाईल फुटकी.

आता टॅली. टॅली प्राइममध्ये ऑल्ट धरून वाय दाबलं की डेटाचा मेन्यू येतो, त्यात बॅकअप. कुठली कंपनी आणि कुठे ठेवायचं ते विचारतं. मल्टीयुजर असेल तर बाकीच्या टेबलांवरच्या सगळ्यांना कंपनी बंद करायला सांगा, मगच बॅकअप. टॅली चालू असताना डेटाचा फोल्डर सरळ कॉपी-पेस्ट केला तर एखादी फाईल अर्धवट येऊ शकते, आणि ते आज कळत नाही, रिस्टोअर करताना कळतं. दर वेळी नवीन फोल्डर करा आणि नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग तारीख, म्हणजे २०२६-०२-१४ असं, म्हणजे यादी आपोआप ओळीत लागते. 'बॅकअप फायनल', 'बॅकअप फायनल २', 'एकदम फायनल' असली नावं बघून माझं डोकं फिरतं.

टॅली व्हॉल्टचा, म्हणजे कंपनीचा डेटा कूटबद्ध करणारा, पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहून ठेवा. तो विसरलात तर बॅकअप असून नसल्यासारखा, टॅलीवाले पण तो काढून देऊ शकत नाहीत.

तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर चालत असेल तर कॉपी-पेस्टचा मार्गच बंद. सर्व्हर चालू असेपर्यंत डेटाबेसची मूळ फाईल कॉपी होत नाही, त्याला त्याच्याच कमांडने बॅकअप काढायला लागतो. आणि छोट्या दुकानांत बहुतेक फुकटची एक्सप्रेस आवृत्ती टाकलेली असते, तिच्यात ठरावीक वेळेला आपोआप काम करणारा एजंट नसतोच, त्यामुळे सॉफ्टवेअरवाल्याला सांगून विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये रात्रीचं काम लावून घ्या. "आमच्यात ऑटो बॅकअप आहे" असं तो फोनवर म्हणाला तर कुठल्या फोल्डरला जातो ते विचारा. नव्वद टक्के वेळा उत्तर सी ड्राइव्ह असतं.

बाकीच्या एक्सेल-वर्ड फायलींसाठी विंडोजमध्येच रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड आहे, फुकट आहे आणि भक्कम आहे, पण त्यातला मिरर हा पर्याय जपून. मिरर म्हणजे मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही उडवणार. कुणी चुकून 'पार्टी कोटेशन' फोल्डर डिलीट केला आणि रात्री मिरर चालला की सकाळी दोन्हीकडून गायब. त्यापेक्षा जुन्या आवृत्त्या सांभाळणारं काहीतरी घ्या, ड्युप्लिकाटी फुकट आहे आणि कूटबद्ध करून ठेवतं. आणि अख्ख्या कॉम्प्युटरची इमेज, म्हणजे विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर, टॅली, सगळं जसंच्या तसं, महिन्यातून एकदा काढा, वीमचा विंडोजसाठीचा फुकट एजंट हे चांगलं करतो. इमेज असली की डिस्क उडाल्यावर नवीन डिस्क टाकून दुपारपर्यंत तेच कॉम्प्युटर तसंच्या तसं उभं राहतं, नाहीतर फॉरमॅट मारा, सगळं परत टाका, बारकोड प्रिंटर का चालत नाही ते शोधा यात आठवडा जातो.

डिस्क घरी-दारी फिरणार म्हणून तिला पासवर्ड पाहिजेच. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर आहे, होम आवृत्तीत डिस्क लॉक करता येत नाही, तिथे व्हेराक्रिप्ट वापरा. रिकव्हरी की छापून ठेवा, आणि ती त्याच बॅगेत ठेवू नका ज्यात डिस्क आहे.

पाच-सहा कॉम्प्युटर असले की नास, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, घ्यायचा विचार करा, दोन डिस्कवाला पुरतो. पण नास घेताना विकणारा रेडचं कौतुक सांगेल, दोन डिस्कवर एकच डेटा, एक गेली तर दुसरी आहे. खरंय, पण ते डिस्क बिघडण्यापुरतंच. फाईल डिलीट झाली तर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी होते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. आणि नास घरून बघता यावा म्हणून राउटरमधून पोर्ट उघडून थेट इंटरनेटवर सोडू नका, जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीचे असेच उघडे असलेले हजारो नास लॉक केले होते. बॅकअपच्या फोल्डरला लिहायची परवानगी रोजच्या युजरला देऊ नका, वेगळा युजर करा आणि त्याचा पासवर्ड अकाउंटच्या कॉम्प्युटरवर सेव्ह करू नका. अजून चांगलं म्हणजे कॉम्प्युटरने नासवर लिहिण्याऐवजी नासनेच रात्री कॉम्प्युटरवरून ओढून घ्यायचं, मग कॉम्प्युटरला व्हायरस लागला तरी त्याला नासची चावीच माहीत नसते. नासचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या डेटाच्या गोठवलेल्या आवृत्त्या, चालू करा. आणि नासला यूपीएस, आपल्याकडे लाईटचं काय ते तुम्हाला माहीत आहेच.

गावाबाहेरची कॉपी

सगळ्यात साधा मार्ग अजूनही डिस्कचाच. तिसरी डिस्क घ्या, महिन्याच्या शेवटी भरा आणि पुण्याला मुलीकडे किंवा भावाकडे पाठवा, येताना जुनी घेऊन या. नदीच्या दुसऱ्या काठावर नव्हे, दुसऱ्या नदीवरच्या गावात. पण यात अडचण अशी की गेल्या महिन्याभराचं काम त्यात नसतं, म्हणून रोजच्यासाठी क्लाउड.

इथे सगळ्यात मोठा गैरसमज. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं सॉफ्टवेअर टाकून फोल्डर सिंक केला म्हणजे बॅकअप झाला असं नाही, ते सिंक आहे. इकडे फाईल बिघडली की तिकडे बिघडलेलीच जाते, इकडे डिलीट झाली की तिकडेही डिलीट. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते म्हणा, पण मार्चमध्ये उडालेली फाईल ऑडिटच्या वेळी ऑगस्टमध्ये आठवली तर? शिवाय टॅलीचा चालू डेटा फोल्डरच सिंकमध्ये ठेवलेला मी पुष्कळ ठिकाणी बघतो, दोन टेबलांवरून काम चालू आणि मागे सिंक त्याच फायली उचलतोय, डेटा फुटायला आमंत्रण आहे ते. चालू डेटा बाहेर ठेवा, रात्री तयार झालेली बॅकअपची फाईल तेवढी सिंक फोल्डरमध्ये जाऊ द्या. छोट्या दुकानाचं तेवढ्यात भागतं, गूगलची फुकटची १५ जीबी जागा टॅलीच्या बॅकअपला बरेच दिवस पुरते, फक्त ती जागा जीमेल आणि फोटोंबरोबर वाटून असते हे लक्षात घ्या, भरली की बॅकअप गुपचूप थांबतो.

डेटा जास्त असेल तर सरळ क्लाउड स्टोरेज घ्या, ॲमेझॉनचं एस-थ्री, बॅकब्लेझचं बी-टू, वसाबी, असे बरेच आहेत, आणि ड्युप्लिकाटी किंवा नासचं स्वतःचं बॅकअप ॲप थेट तिथे पाठवतं. ॲमेझॉनची मुंबई आणि हैदराबादला, मायक्रोसॉफ्टची पुण्याला डेटा सेंटर आहेत, त्यामुळे भारतातलीच जागा निवडता येते. दोन सेटिंग विसरू नका. एक व्हर्जनिंग, म्हणजे जुनी आवृत्ती पुसली जात नाही. दुसरं ऑब्जेक्ट लॉक, त्यातला कडक पर्याय (कंप्लायन्स मोड) निवडला की ठरवलेल्या मुदतीत, समजा ३० दिवस, ती फाईल पासवर्ड असलेल्या माणसालाही उडवता येत नाही. रॅन्समवेअरवाले हल्ली आधी बॅकअपच शोधून उडवतात, त्यांना इथे हात टेकायला लागतात. मात्र लॉक लावताना मुदत विचार करून टाका, चुकून १० वर्षं टाकलीत तर तेवढं भाडं तुम्हीच भरणार.

आणि जागा खरोखर वेगळी आहे ना तेही बघा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि काही गिऱ्हाइकांचा बॅकअपही त्याच आवारात होता. क्लाउड म्हणजे शेवटी कुणाच्या तरी इमारतीतली डिस्कच. तुमचं बिलिंगच जर क्लाउडवर असेल तर बॅकअप दुसरीकडे, निदान दुकानातल्या डिस्कवर तरी उतरवून घ्या.

स्पीडचा हिशोब आधी करा. २०० जीबी डेटा आणि अपलोड २० एमबीपीएस असेल तर पहिल्या वेळी न थांबता साधारण २२ तास लागतात. फायबरवाल्याने १०० सांगितलं म्हणून खूश होऊ नका, अपलोडचं किती ते विचारा. पहिलं अपलोड शनिवारी रात्री लावा आणि रविवारभर चालू द्या, त्यानंतर रोज फक्त बदललेलं जातं, ते दहा-पंधरा मिनिटांत होतं.

अकाउंट कुणाच्या नावावर आहे हे मी मुद्दाम वेगळं सांगतो कारण इथे फार लोक अडकतात. क्लाउडचं अकाउंट कॉम्प्युटरवाल्याच्या किंवा अकाउंटंटच्या जीमेलवर काढू नका, मग तो माणूस माझ्यासारखा कितीही चांगला असो. ओटीपी येणारा नंबर सोडून गेलेल्या पोराचा, आणि पैसे मालकाच्या कार्डवरून जातायत, असं चित्र असतं. मालकाच्या नावावर, टू-स्टेप लावून, आणि ते बॅकअप कोड जे मिळतात ते छापून तिजोरीत. कार्डची मुदत संपली की स्टोरेज बंद पडतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहा. बॅकअपसाठी म्हणून वेगळं गूगल अकाउंट काढलं असेल तर मधूनमधून उघडत जा, दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं.

किती दिवस ठेवायचं

रोजचे शेवटचे चौदा, आठवड्याचे आठ, महिन्याचे बारा, आणि ३१ मार्चचा दर वर्षीचा वेगळा, एवढं बहुतेक धंद्यांना बास होतं. मार्चचा बॅकअप ऑडिट होऊन एंट्र्या पक्क्या झाल्यावर पुन्हा एकदा घ्या, कारण सीए जूनमध्ये बसून मार्चच्या एंट्र्या बदलतात. जीएसटीचं रेकॉर्ड त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायला लागतं, आणि कंपनी असेल तर हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं. प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांनी आणखी एक बघा, ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा बॅकअप रोजच्या रोज, आणि तोही भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे, ऑडिटर यावर शेरा मारतात. प्रोप्रायटर आणि भागीदारीला तो नियम नाही, पण सवय वाईट नाही.

उघडून बघा

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनियरने रात्री दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. बघायला गेले तर एकही धड चालत नव्हती, क्लाउडवर ठेवायचा बॅकअप तर आवृत्ती जुळत नसल्याने कधीपासून बनतच नव्हता, आणि तो फेल झाल्याचे मेल सुद्धा पोचत नव्हते. कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली कॉपी होती म्हणून वाचले, मधल्या सहा तासांचं काम गेलंच. ही तंत्रज्ञानातली कंपनी आहे, आपलं तर किराणा नाहीतर कापडाचं दुकान.

तेव्हा महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा, कुठलाही एक बॅकअप उचला आणि शक्यतो दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडा. टॅलीत ऑल्ट-वाय, रिस्टोअर, आणि जागा देताना नवीन रिकामा फोल्डर द्या. हे नीट वाचा, चालू डेटाचाच पाथ दिलात तर जुना बॅकअप आजच्या डेटावर बसेल आणि चाचणीच्या नादात खरा डेटा घालवून बसाल. उघडल्यावर काय बघायचं? बॅकअप घेतला त्या दिवशीच एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून डिस्कच्या कव्हरमध्ये टाकायच्या, ट्रायल बॅलन्सची बेरीज, शेवटचा विक्री बिल नंबर आणि एखाद्या मोठ्या पार्टीची बाकी. रिस्टोअर केल्यावर तेच आकडे आले की झालं. नाही आले तर आज कळलं हे बरं. एक्सेल, कोरल यातल्या पण दोन-चार फायली उघडून बघा, फाईलचा आकार दिसतोय म्हणजे फाईल चांगली असं नसतं.

सोबत किती वेळ लागला तोही लिहा. क्लाउडवरून ५०० जीबी परत उतरवायला १०० एमबीपीएसवर सलग ११ तास लागतात, ते दुकान उघडायच्या दिवशी कळून उपयोग नाही.

हे काम एका माणसाच्या नावावर करा आणि तो सुट्टीवर गेला तर कोण हेही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज टिक, बस, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर नको. आठवड्यातून एकदा मालकाने स्वतः जाऊन टिक खरी आहे का बघायचं, फोल्डर उघडून, तारीख वाचून. पोरं टिक मारण्यात हुशार असतात. आणि मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, एकदा पूर्ण फेरी मारा, सीपीयू जमिनीवरून उचलून टेबलावर, गावाबाहेरची डिस्क ताजी, क्लाउड चालू.

वेळ आलीच तर

सकाळी कॉम्प्युटर चालू केला आणि सगळ्या फायलींच्या शेवटी भलतंच एक्स्टेन्शन लागलंय, प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी टेक्स्ट फाईल आहे. बहुतेक वेळा कुणीतरी फुकटातलं क्रॅक सॉफ्टवेअर टाकलेलं असतं, स्टॉप-डीजेव्हीयू नावाची रॅन्समवेअरची जमात तर त्यावरच पोसली गेली. पहिलं काम, लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा, बाकीच्या कॉम्प्युटरचीही. दुसरं, घाईघाईने बॅकअपची डिस्क आणून त्या कॉम्प्युटरला लावू नका! हे इतक्या वेळा होतं की काय सांगू, डेटा आहे ना आपल्याकडे म्हणून लोक डिस्क जोडतात आणि दहा मिनिटांत तीही लॉक. सिंक होणारं गूगल ड्राइव्ह दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून ब्राउझरमध्ये उघडून लागण झालेलं कॉम्प्युटर अकाउंटमधून साइन-आउट करा आणि पासवर्ड बदला.

लगेच फॉरमॅट मारायला पण देऊ नका. लागण झालेली डिस्क काढून बाजूला ठेवा, नवीन डिस्क टाका आणि तिच्यावर उभं करा. ती जुनी डिस्क तक्रारीला लागेल, आणि नो मोअर रॅन्सम म्हणून युरोपोल, डच पोलीस आणि काही अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली साइट आहे, तिथे काही जातींच्या फुकट चाव्या मिळतात, आज नाही तर सहा महिन्यांनी कदाचित तुमचीही मिळेल. पैसे भरायच्या भानगडीत पडू नका, भरून फायली परत मिळतीलच असं कुणी लिहून देत नाही. तक्रार सायबर पोलिसांच्या पोर्टलवर करा, खात्यातून पैसेही गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आणि कंपनी असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं.

मग नवीन मशीनवर विंडोज किंवा जुनी स्वच्छ इमेज, अँटिव्हायरस, सगळे पासवर्ड नवीन, आणि त्यानंतरच बॅकअप. तोही मूळ डिस्कवरून थेट न उघडता आधी वेगळ्या मशीनवर त्याची एक कॉपी काढून त्या कॉपीवरून. सगळं एकदम परत आणायच्या नादी लागू नका, चालू वर्षाची कंपनी आणि बिलिंग आधी उभं करा म्हणजे काउंटर सुरू होईल, मधल्या दिवसाच्या पावत्या कार्बनच्या पुस्तकावरून मारून घ्या. जुनी वर्षं, मेल, डिझाइन हे रात्री सावकाश. आणि हो, नवीन मशीन सुरू झालं की त्याच संध्याकाळी त्याचाही बॅकअप लावा, सम-विषम जी तारीख असेल त्या डिस्कवर, फक्त ज्या डिस्कवरून रिस्टोअर केलंत ती आठवडाभर तशीच बाजूला असू द्या.